'बस' या शब्दाचा अर्थ

आमच्या नोव्हाय गावात ज्यांना सगळे सर म्हणतात, ते आयुष्यात एकही दिवस कुठल्या शाळेत किंवा कॉलेजात शिकवायला गेलेले नाहीत. गाड्यांच्या ब्रेकची चाचणी घेणाऱ्या एका लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर शेजारच्या एका मुलीला त्यांनी गणितातलं काहीतरी समजावलं, तिने मैत्रिणीला सांगितलं, आणि वर्षभरात दर रविवारी सकाळी त्यांच्या घरासमोर सात-आठ गाड्या उभ्या राहायला लागल्या. आपलं नाव छापायचं नाही अशी त्यांची अट आहे, म्हणून मीही सरच म्हणतो. माझं नाव मात्र खाली छापायला हरकत नाही, असं मी आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकांना कळवलं आहे.

सर मूळचे मिरजेचे. उन्हाळा असो की हिवाळा, घरात डोक्याला लोकरी टोपी. शिकवायची जागा बेसमेंट. तिथे त्यांच्या मुलाचं जुनं टेबल टेनिसचं टेबल होतं. त्याची जाळी काढून सरांनी त्या हिरव्या टेबलावरच खडूने लिहायला सुरुवात केली. मुलं चारी बाजूंनी उभी. समोरच्या बाजूच्या मुलांना उलटं दिसू नये म्हणून सर उलटं लिहायला शिकले होते, आणि सुलट्यापेक्षा त्यांचं उलटं अक्षर बरं होतं. "फळ्याकडे तोंड केलं की मुलांकडे पाठ होते," ते म्हणायचे. "आणि पाठ दिसली की मुलं न समजताच माना डोलवतात."

जिन्याच्या तोंडाशी मुलांनी बूट काढायचे आणि आपापला कॅल्क्युलेटर आपापल्या बुटात ठेवायचा. माझी नात जुई पहिल्याच दिवशी म्हणाली, "सर, माझा कॅल्क्युलेटर शंभर डॉलरचा आहे."

"मग दोन्ही बुटांत मिळून ठेव," सर म्हणाले.

फी नव्हती. पण दर रविवारी प्रत्येकाने आठवड्यातली स्वतःची एक चूक आणायची, कागदावर, खाडाखोड न करता. चूक न आणणाऱ्याला सर विचारायचे, "म्हणजे आठवडाभर काही केलं नाहीस?" मुलं पहिले काही दिवस चुका बनवून आणायची. सरांना ते लगेच कळायचं. बनवलेली चूक फार नीटनेटकी असते, असं त्यांचं मत होतं.

आणि 'सोपं आहे' असं कुणी म्हटलं की त्याची रवानगी वर, सरांच्या पत्नीकडे, म्हणजे काकूंकडे, त्यांना ते समजावून सांगायला. काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत असायच्या. त्यांचं शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचं आणि त्यांच्याशी मराठीतच बोलायचं. एकदा जुईला खालून वर पाठवलं, तेव्हा मी तिथेच चहा पीत होतो. जुई ओट्याला टेकून सुरू झाली, "काकू, समजा एक कार जाते. तिचा स्पीड चेंज होतो, सारखा सारखा चेंज होतो."

"कुठं जाते?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे?"

"कुठंतरी जात असेल ना. उगीच कशाला पेट्रोल जाळेल कुणी."

जुईने मग ती गाडी शिकागोला पाठवली आणि दहा मिनिटं बोलली. काकूंनी मेथीची जुडी संपवली आणि म्हणाल्या, "मला काही कळलं नाही गं. पण त्यात विशेष नाही. तुला कळलंय असंही वाटत नाही मला." जुई हसत खाली गेली. वर जाऊन नापास झालेला प्रत्येक जण असा हसतच खाली जायचा. त्या घरात नापास होण्याची कुणाला भीती नव्हती. भीती होती ती आमच्यासारख्यांच्या घरात.

सरांचं सगळं शिकवणं दोन मराठी क्रियापदांवर चालायचं. समजणं आणि येणं. "समजलं" असं कुणी म्हटलं की ते म्हणायचे, "छान. आता येईपर्यंत कर." इथे जन्मलेल्या मुलांना हे 'येणं' काही केल्या कळायचं नाही. "सर, व्हॉट कम्स?" एकाने विचारलं होतं. सर म्हणाले, "पोहणं समजलेला माणूस काठावर असतो. पोहता येणारा पाण्यात. काठावर उभं राहून फरक दिसत नाही." पुढे मुलांचीच ती भाषा झाली. फोनवर एकमेकांना विचारायची, "डिड इट कम?" आणि घरचे गोंधळून बघत राहायचे.

ज्यांची मुलं इथल्या शाळेत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हायस्कूलमध्ये कॉलेजच्या तोडीचे काही विषय घेता येतात, त्यांना एपी म्हणतात. मे महिन्यात परीक्षा होते, जुलैत एक ते पाच असा निकाल लागतो. चार किंवा पाच मिळाले की बरीच विद्यापीठं त्या विषयाचं क्रेडिट देतात. म्हणजे कॉलेजात तो वर्ग करावा लागत नाही, थेट पुढच्या वर्गात बसायचं. अशी चार-पाच विषयांची क्रेडिटं जमली की चार वर्षांची पदवी तीन वर्षांतही होऊ शकते.

सर या परीक्षेच्या विरुद्ध नव्हते. "परीक्षा चांगली आहे," ते म्हणायचे. "ती विचारते, समजलं का. पण विद्यापीठाला वाटतं, येतं का हे विचारून झालं. परीक्षा आणि विद्यापीठ एकमेकांशी बोललेले नाहीत, म्हणून मला बोलावं लागतं." जुलैत निकाल आला की ते प्रत्येक मुलाला एक लहान कार्ड द्यायचे. त्यावर एकच शब्द. एक तर 'घे' किंवा 'बस'.

याचा अर्थ त्यांनी पहिल्याच वर्षी आम्हा आणणाऱ्या-सोडणाऱ्या मंडळींना घरासमोरच्या ड्राइव्हवेवर उभं करून सांगितला होता. मी त्यात होतो. मुलांना तो आम्हीच सांगायचा होता. 'घे' म्हणजे क्रेडिट घे, पुढच्या वर्गात जा. 'बस' म्हणजे क्रेडिट असलं तरी कॉलेजात पहिल्या वर्गातच पुन्हा बस. पाचपैकी पाच मिळाले तरी.

"मग त्या पाचांचा उपयोग काय?" एका वडिलांनी विचारलं.

"पुन्हा बसताना भीती वाटत नाही, हा," सर म्हणाले.

जुईला कॅलक्युलसमध्ये पाच मिळाले. याला आता नऊ वर्षं झाली. मुलगा आणि सून दोघंही नोकरीच्या गडबडीत, त्यामुळे तिला सरांकडे नेणं-आणणं माझ्याकडे. त्या दिवशी ती कार्ड घेऊन गाडीत येऊन बसली. तिला देवनागरी अडखळत वाचता यायची.

"आजोबा, ब... स. बस. लाइक, स्कूल बस?"

मी हसलो. तीही हसली. मग तिनेच विचार करून म्हटलं, "ओह, बस म्हणजे इनफ? आजी वाढताना आपण म्हणायचो तसं, बस बस?"

मी "हो" म्हणालो.

एवढ्यावरही थांबलो नाही. "सरांना म्हणायचंय, तुझं झालं. आता पुढे जा," असंही म्हणालो.

त्या शब्दाला तो अर्थ आहेच. मी मूळचा नागपूरचा, आमच्याकडे तर तोच अर्थ आधी मनात येतो. नऊ वर्षं मी या आडोशाला उभा राहिलो. पण अर्थ दोन असले तरी त्या कार्डावर एकच होता आणि तो मला माहीत होता. खरं कारण असं की जुई तीन वर्षांत इंजिनिअर होणार, हे मी सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या मित्रांना सांगून बसलो होतो. माझ्या पिढीत वर्ष वाया जाणं याहून मोठी आपत्ती नव्हती. माझं स्वतःचं इंजिनिअरिंगचं एक वर्ष वाया गेलं होतं आणि वडील त्यानंतर बरेच महिने माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत. आता नातीचं एक वर्ष चक्क वाचत होतं. ते दोन अक्षरांसाठी सोडायला मी तयार नव्हतो.

जुईने सगळी क्रेडिटं घेतली. अठराव्या वर्षी ती दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर गणिताच्या तिसऱ्या वर्गात बसली. ऑक्टोबरपासून तिचे फोन आखूड व्हायला लागले. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आली तेव्हा चार दिवस ती बहुतेक झोपलीच. डिसेंबरात नापास झाली, आणि तिने ते कॉलेजच सोडलं.

"सरांनी असं कसं सांगितलं?" माझा मुलगा म्हणाला. "इतका विश्वास टाकला आपण."

मी चहाचा कप उचलला.

जानेवारीत मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात दहा माणसांसमोर एका बाईंनी विचारलं, "काका, जुईला क्रेडिट घे म्हणून सरांनीच सांगितलं होतं ना?" हातात तिळगूळ होता. मी म्हणालो, "हो. कार्डावर लिहून दिलं होतं."

तेवढं पुरलं. आपल्या लोकांत अशा गोष्टीला पाय फुटायला वेळ लागत नाही. आठ गाड्यांच्या तीन झाल्या. कुणी सरांना उलट बोललं नाही. नुसतं, या रविवारी स्विमिंग आहे, पुढच्या रविवारी वाढदिवस आहे. सरांनी कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या जुलैत त्यांनी दोनच कार्डं दिली. त्यातलं एक त्या मुलाच्या आजीने मला दाखवलं. त्यावर 'बस' नव्हतं. इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात, पूर्ण वाक्य होतं: तुला हा वर्ग सोडता येत असला तरी कृपया तो पुन्हा कर, आणि पुढच्या बाकावर बस. दोष आपल्या शब्दाचा होता असं सरांनी ठरवलं होतं. ते कार्ड हातात धरून मी आजींना म्हणालो, "छान लिहिलंय." पुढच्या वर्षी टेबल घडी करून भिंतीला लागलं.

जुईने वर्षभर एका बेकरीत काम केलं. मग घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॅलक्युलसच्या पहिल्या वर्गात बसली, म्हणजे जिथे सरांनी तिला बसायला सांगितलं होतं तिथेच. तिथून मोठ्या विद्यापीठात गेली. पदवीला तीनाऐवजी साडेपाच वर्षं लागली. आज ती गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम करते, चांगली इंजिनिअर आहे, आमच्यापासून वीस मिनिटांवर राहते. सरांच्या घरी ती पुन्हा कधी गेली नाही. ती त्यांच्यावर रागावली आहे, असं मी धरून चाललो होतो. ते मला सोयीचं होतं.

या मार्चमध्ये इंडियन ग्रोसरीच्या दुकानात कढीपत्त्याच्या पाकिटांपाशी एक तरुण गृहस्थ भेटले. पुण्याहून वर्षापूर्वी आलेले. मुलगी दहावीत आहे, गणितात हुशार आहे, एपीसाठी कुणी चांगलं शिकवणारं आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सरांचं नाव घेतलं.

"ते नको, काका," ते आवाज खाली आणून म्हणाले. "शिकवतात छान म्हणे, पण सल्ला चुकीचा देतात. त्यांच्यामुळे कुणाच्या तरी नातीचं कॉलेज सुटलं होतं."

माझंच वाक्य होतं. नऊ वर्षांत ते किती घरांतून फिरून आलं कोण जाणे. ज्या माणसाने सरांना पाहिलंही नव्हतं, तो ते मला काळजीने सांगत होता. सर शहाऐंशीचे झालेत. मी गप्प राहिलो असतो तर त्यांच्यामागे हेच उरलं असतं.

"ती नात माझी," मी म्हणालो. "आणि सल्ला बरोबर होता. मी तो तिला खोटा सांगितला."

त्या गृहस्थांनी माझ्या बास्केटमध्ये कढीपत्त्याचं एक पाकीट ठेवलं, जसं काही मी तेच मागितलं होतं.

त्याच संध्याकाळी मी जुईकडे गेलो. सगळं सांगितलं.

"सो ही सेड, सिट," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे त्यांना माहीत होतं. मला अजून येत नव्हतं, हे."

"हो."

"आजोबा, मी त्यांच्यावर रागावले नव्हते. मला वाटायचं, सरांना वाटलं मला येतं, आणि मी त्यांना खोटं पाडलं. आय वॉज अशेम्ड. एकदा त्यांना दुकानात पाहिलं तर मी गाडीत जाऊन बसले होते." मग ती उठून दाराकडे गेली. "प्लीज, आता तुम्ही जा."

मुलाला फोन करून सांगितलं. तो फक्त "बाबा" म्हणाला.

त्या रविवारी सरांकडे गेलो. काकूंनी दार उघडलं. सर टोपी घालून खिडकीशी बसले होते. मी उभ्यानेच सुरुवात केली, पण जुईचं नाव निघताच त्यांनी हात वर केला.

"अहो नागपूरकर, ती चूक माझी होती," ते म्हणाले. "मी हिला तेव्हाच म्हटलं. आमच्या मिरजेत बस म्हणजे बस. तुमच्याकडे हिंदी जवळ, तुमचं बस म्हणजे पुरे. विदर्भातल्या माणसाला दोन अक्षरांचं पत्र लिहू नये."

नऊ वर्षं हा माणूस मला भाषेच्या खात्यावर माफ करत आला होता. दार उघडं होतं. मी नुसतं हसून "तसंच झालं सर" म्हणालो असतो तरी चाललं असतं, आणि कबूल करायला हवं की ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. काकू कोथिंबीर निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबवला होता.

"सर, तुम्ही ड्राइव्हवेवर अर्थ सांगितलात तेव्हा मी तिथे उभा होतो," मी म्हणालो. "मला माहीत होतं. ती मला विचारत होती आणि मी तिला खोटं सांगितलं. पुढेही सगळ्यांना."

सरांनी टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, परत घातली.

"मी म्हणतच होते," काकू म्हणाल्या आणि पुन्हा निवडायला लागल्या.

"म्हणजे शब्द बरोबर होता," सर म्हणाले.

"अगदी बरोबर होता."

"मग मी उगीच इंग्रजीत लिहीत बसलो." आता रागावतील, जा म्हणतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "पोरीला सांगितलंत?"

"आधी तिलाच. ती माझा फोन घेत नाही."

"बरोबर आहे तिचं," काकू म्हणाल्या. "नंबर द्या भाऊजी. मी करते."

तर हा लेख मंडळाच्या अंकात मी एवढ्यासाठीच दिला आहे. संक्रांतीला दहा माणसांसमोर मी जे बोललो ते खोटं होतं. सरांनी माझ्या नातीला योग्य सल्ला दिला होता आणि त्यांनी दिलेलं एकही कार्ड चुकलेलं मला माहीत नाही. ज्यांनी माझ्या शब्दावरून मुलांना पाठवणं बंद केलं, त्यांचा यात दोष नाही. त्यांना मी एकेक करून फोन केले आहेत. दोघांनी फोन ठेवून दिला, एकाने बराच वेळ ऐकून घेतलं. ज्यांचे नंबर बदललेत त्यांनी हे वाचावं.

त्या पुण्याच्या गृहस्थांनी मुलीला आणलं. भिंतीला लावलेलं टेबल त्यांनी आणि मी मिळून उघडलं, म्हणजे त्यांनी उघडलं आणि मी "सांभाळून" म्हणत राहिलो. आता चार मुलं येतात. सरांचा हात थोडा थरथरतो, त्यामुळे रेघा वाकड्या येतात. मुलं त्या वाकड्याच उतरवून घेतात आणि सर ओरडतात.

जुई आली ती गेल्या रविवारी, मुलांचा वर्ग सुटल्यावर. तीन आठवडे आम्ही बोललो नव्हतो. माझ्याकडे न बघता ती जिना उतरून खाली गेली. हातात जाडजूड पुस्तक होतं, ज्या वर्गात ती नापास झाली होती त्याचं. नऊ वर्षं ते तिने टाकलं नव्हतं, हे मला ठाऊक नव्हतं. खाली आधी काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मग सरांचा आवाज आला, "हे मलाही कधी धड आलं नाही. कुठून सुरू करायचं?" आणि जुईचा, "पान बारा."

साडेबाराला काकू म्हणाल्या, "वरण निवतंय, बोलवा त्यांना." मी अर्धा जिना उतरलो. दोघंही टेबलावर ओणवी होती, सरांच्या टोपीला खडू लागला होता.

"जेवायला," मी म्हणालो.

"थांबा ना आजोबा, पाच मिनिटं," जुई मान वर न करता म्हणाली.

पाच मिनिटांची चाळीस झाली. काकूंनी वरण दोनदा गरम केलं.